हळदीचे स्कॅन एका टेबलात आणताना: प्रकल्प नोंदी

९ जून

हार्ड डिस्क आली आज, हळदीच्या सगळ्या रन्स एकदम, म्हणजे हळदीत भेसळ आहे का ते बघायला मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं मशीन) चालवलेल्या नमुन्यांचा डेटा. नमुने कुठले ते एकदा नीट लिहून ठेवते म्हणजे पुढे शोधाशोध नको. लालबागच्या मसाला गल्लीतली हळकुंडं आणि तिथलीच डंकावर कुटून घेतलेली पावडर, मशीद बंदरची सुटी पावडर, दादरच्या किराणा दुकानांतली पावडर, आणि तुलनेसाठी सांगलीची राजापुरी आणि वायगावची हळकुंडं, जी आम्ही लॅबमध्येच मिक्सरला लावली. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, म्हणून या दोघी आपल्या 'खऱ्या' हळदी, बाकीच्या सगळ्या यांच्या शेजारी ठेवून बघायच्या.

मेथॅनॉलमध्ये अर्क काढला, ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळला, पातळ करून ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड घातलं आणि पदार्थ वेगळे करणारा कॉलम न लावता थेट इन्फ्युजन, म्हणजे अर्क सरळ मशीनमध्ये सोडला. क्यू-टॉफ (विद्युतभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या, उडण्याच्या वेळेवरून वस्तुमान काढणारं मशीन), पॉझिटिव्ह मोड (धन भाराचे आयन), एम बाय झेड (वस्तुमान भागिले भार) १०० ते १०००, सेकंदाला एक स्कॅन, दोन मिनिटं. म्हणजे एका नमुन्याचे १२० च्या आसपास स्कॅन. शिवाय मधेमधे नुसत्या सॉल्व्हंटचे ब्लँक, आणि सगळ्या अर्कांतलं थोडं थोडं एकत्र करून केलेला क्यूसी (मशीन ठीक चाललंय का ते बघायचा नमुना).

शेवटी हवंय काय तर एक टेबल. ओळीला नमुना, कॉलमला आयन, मधे आकडा. ऐकायला सोपं वाटतं पण या शेकडो स्कॅनमधलं 'हे पीक (आलेखातलं टोक) आणि ते पीक एकच' हे कोण ठरवणार आणि कशावरून, सगळं काम तिथेच आहे.

आज फक्त कन्व्हर्जन. प्रोटिओविझार्डच्या एमएसकन्व्हर्टने सगळं एमझेडएमएल या खुल्या फॉरमॅटमध्ये काढलं, एम बाय झेड ६४ बिट आणि इंटेन्सिटी ३२ बिट. प्रोफाइलच (पिकाचा पूर्ण आकार) ठेवलंय, सेंट्रॉइड (पिकाऐवजी त्याच्या मध्याचा एकच पॉइंट) मुद्दाम केलं नाही. ज्यांना मशीनच्या कंपनीच्या अल्गोरिदमने सेंट्रॉइड हवं असेल त्यांनी पीक पिकिंगचा फिल्टर यादीत सगळ्यात आधी ठेवायचा, नाहीतर तो कंपनीचा अल्गोरिदम वापरलाच जात नाही. हे भिंतीवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

११ जून

एमएस्सीचा पोरगा या प्रोजेक्टवर आलाय, पायथन चांगलं येतं त्याला. फाईल उघडून बसला आणि पहिलाच प्रश्न, "ताई, १२० स्कॅन आहेत ना, एकाखाली एक रचून सरासरी काढली की झालं, नाही का?"

म्हटलं रचून बघ. एका स्कॅनमध्ये जितके पॉइंट त्यापेक्षा पुढच्यात वेगळे, तिसऱ्यात अजून वेगळे. कारण जिथे इंटेन्सिटी शून्य असते ते पॉइंट सॉफ्टवेअर फाईलमध्ये लिहीतच नाही, जागा वाचवायला. त्यामुळे एका स्कॅनचा पाचशेवा पॉइंट आणि दुसऱ्याचा पाचशेवा पॉइंट यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही.

मग त्याने दुसरा मार्ग काढला, बरोबर विचार केला होता, की सगळ्यांसाठी एक कॉमन ग्रिड घ्यायची आणि नमपायने (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) इंटरपोलेट करायचं, म्हणजे मधल्या किमती शेजारच्यांवरून भरायच्या. प्लॉट काढला तर पिकांच्या मधे जिथे सपाट जमीन हवी तिथे लांबच लांब तिरके उतार. "ताई, हे डोंगर कसले?" तर ते गाळलेले शून्य आहेत. एका पिकाचा शेवटचा पॉइंट आणि पुढच्या पिकाचा पहिला पॉइंट यांच्यात काहीच नसलं की इंटरपोलेशन सरळ रेघ ओढतं, त्याला काय माहीत की मधे शून्य होतं. काही मशीन पिकाच्या दोन्ही कडांना एकेक शून्य ठेवतात, आपल्या फाईलींत ते कुठे आहेत कुठे नाहीत. उपाय साधा आहे, आधी प्रत्येक गॅपच्या दोन्ही टोकांना स्वतः शून्य घालायचं आणि मग इंटरपोलेशन. त्याने संध्याकाळपर्यंत लिहून टाकलं, आणि असे उतार सगळ्या रेंजमध्ये बेरजेत गेले असते तर बारीक पिकं त्यांच्याखालीच राहिली असती.

१३ जून

लॅबमध्ये पूर्वीपासून फिरत आलेली एक स्क्रिप्ट आहे, १ डाल्टनचे (वस्तुमानाचं एकक) बिन, म्हणजे खाने, करते. बरेच जण वापरतात म्हणून तिचा निकाल लावणं गरजेचं होतं, आणि एका पिकावर लागला.

करक्युमिनचं, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाचं, प्रोटॉन लागलेलं आयन ३६९.१३३३ ला. त्याचंच सोडियम लागलेलं ३९१.११५२ ला. आता प्लास्टिकमधून येणारं डीईएचपी, म्हणजे तो नेहमीचा थॅलेट, सिरिंज, ट्युबिंग, झाकणं, कुठूनही येतो, त्याचं प्रोटॉन लागलेलं आयन ३९१.२८४३ ला. दोघांत फरक ०.१७ चा. १ डाल्टनच्या बिनमध्ये दोघंही ३९१ च्या खान्यात. परिणाम असा की त्या स्क्रिप्टच्या टेबलात ब्लँकमध्येसुद्धा 'करक्युमिन सोडियम' दिसतंय, ज्यात हळदीचा कणही नाही! आणि हळद जितकी पातळ तितका प्लास्टिकचा वाटा जास्त, म्हणजे ज्या भेसळीच्या पावडरीत करक्युमिन कमी त्याच पावडरीला हा खाना भरभरून आकडे देणार. आपल्या प्रश्नाच्या नेमकं उलटं उत्तर.

बरं मग बिन बारीक करा, ०.०१ करा. तर दोन अडचणी. एक म्हणजे खान्याची रेघ पिकाच्या मधोमध आली तर अर्धं पीक इकडे अर्धं तिकडे, आणि पुढच्या नमुन्यात ते किंचित सरकलं की पाऊण इकडे पाव तिकडे, म्हणजे एकाच पदार्थाचे दोन कॉलम आणि दोन्ही खोटे. दुसरी म्हणजे ०.०१ ही रुंदी एम बाय झेड २०० ला ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) होते आणि ९०० ला ११ पीपीएम. वरच्या आणि खालच्या टोकाला वेगवेगळा न्याय. मशीनची चूक पीपीएममध्ये चालते तर आपली मोजपट्टीपण पीपीएममध्येच हवी.

जुनी स्क्रिप्ट बंद. शेअर्ड फोल्डरमधून काढली नाही, वर मोठ्या अक्षरात लिहिलं की नवीन कामाला वापरू नये आणि का वापरू नये.

१७ जून

आज सरांबरोबर बसले, वाद झाला पण चांगला झाला. मार्ग दोन आहेत. पहिला, प्रत्येक स्कॅनमध्ये आधी सेंट्रॉइड काढायचे, मग सगळ्या स्कॅनचे सेंट्रॉइड एका यादीत चढत्या क्रमाने लावायचे आणि जवळजवळचे गट करायचे. दुसरा, आधी प्रोफाइल बेरीज करायची आणि मग बेरजेवर एकदाच सेंट्रॉइड.

सरांचं म्हणणं पहिला मार्ग, कारण प्रत्येक स्कॅनचा हिशोब वेगळा राहतो, किती स्कॅनमध्ये पीक दिसलं ते मोजता येतं, एखाद्याच स्कॅनमध्ये उडालेली ठिणगी आपोआप गळते. पटतं. पण आपल्याला शोधायचाय तो मेटॅनिल यलोसारखा रंग, जो खाण्यात घालायला भारतात परवानगीच नाही, आणि तो असलाच तर चिमूटभर असणार. एकेका स्कॅनमध्ये तो नॉइजच्या वर डोकं काढेलच असं नाही, आणि तिथे थ्रेशोल्ड लावला की तो प्रत्येक स्कॅनमधून वेगवेगळा मारला जातो, मग नंतर कितीही गट करा, यादीत तो आलेलाच नसतो. १०० स्कॅनची प्रोफाइल बेरीज केली तर सिग्नल १०० पट आणि रँडम नॉइज १० पट, म्हणजे गुणोत्तर १० पटीने सुधारतं. हे फक्त रँडम नॉइजला लागू, हेही लिहून ठेवते. सिलिकॉन, थॅलेट वगैरे जो केमिकल कचरा आहे तो बेरजेत सिग्नलइतक्याच वेगाने वाढतो, त्याला ब्लँकच लागतो.

पहिल्या मार्गात अजून एक खोच आहे. 'शेजाऱ्यापासून ५ पीपीएमच्या आत तर त्याच गटात' असा नियम लावला तर साखळी तयार होते, क शेजारी ख, ख शेजारी ग, आणि क ते ग अंतर जवळजवळ १० पीपीएम असलं तरी सगळे एकाच गटात. त्यावर उपाय आहे, एका स्कॅनमधली दोन पिकं एका गटात येऊ द्यायची नाहीत.

शेवटी ठरलं ते असं: बेरीज आधी, सेंट्रॉइड नंतर, पण त्याच वेळी प्रत्येक पिकासाठी ते किती स्कॅनमध्ये स्वतंत्रपणे दिसलं ती मोजणी वेगळ्या कॉलममध्ये. सरांचा मुद्दा राहिला आणि चिमूटभर रंगपण हातचा गेला नाही.

ग्रिड ५ पीपीएमच्या पायरीची, पायरी एम बाय झेडबरोबर वाढत जाणारी. १०० ते १००० मध्ये साधारण ४ लाख ६० हजार पॉइंट होतात. आपलं रिझोल्यूशन (जवळची पिकं वेगळी दाखवायची मशीनची ताकद) २०,००० धरलं तर पिकाची अर्ध्या उंचीवरची रुंदी ५० पीपीएम, म्हणजे त्यात १० पॉइंट, पुरेसे आहेत. हीच बारीकी सरसकट डाल्टनमध्ये ठेवली असती तर १८ लाख पॉइंट आणि वरच्या टोकाला निम्म्याहून जास्त वाया.

२० जून

पाऊस जोरात. किंग्ज सर्कलला पाणी, मामा उशिरा आले आणि लॅब उघडायला दुपार झाली, पण काम झालं आणि महत्त्वाचं झालं.

क्यूसी एकावर एक ठेवले. सकाळचे सगळे व्यवस्थित, जेवणानंतरचे सगळे उजवीकडे सरकलेले. लॉगशीट पाहिली तर रन्स झाल्या त्या दिवशी मशीनच्या खोलीत दुपारी एसी बंद पडला होता. टॉफमध्ये आयन एका नळीतून उडतं आणि लागलेल्या वेळेवरून वस्तुमान काढतात, वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात. खोली तापली की धातूची नळी प्रसरण पावते, आणि लांबी १ पीपीएमने वाढली की वस्तुमान २ पीपीएमने जास्त दिसतं. मुंबईच्या जूनमध्ये एसीशिवाय खोली किती तापते ते सांगायला नको.

सरकणं किती? सिलिकॉनमधून येणारं सहा सिलोक्सेन घटकांचं जे आयन सगळ्यांच्या डेटात असतं, ४४५.१२०० ला हवं, ते दुपारी ४४५.१२३६ ला. म्हणजे ८.१ पीपीएम. थॅलेट ३९१.२८४३ ऐवजी ३९१.२८७५, तेही ८ च्या घरात. म्हणजे करक्युमिन ३६९.१३३३ ऐवजी ३६९.१३६३ ला जाणार, आणि फाईली जुळवताना ५ पीपीएमची मर्यादा लावली की सकाळचं करक्युमिन एका कॉलममध्ये आणि दुपारचं दुसऱ्या. स्टेशनागणिक वेगळ्या घड्याळावर नोंदवलेल्या लोकलच्या वेळा एका तक्त्यात टाकल्या तर एकच गाडी दोन गाड्या दिसेल, तसं.

ज्या कचऱ्याला वैतागलो होतो तोच इथे मदतीला आला. थॅलेट, सिलोक्सेन प्रत्येक स्कॅनमध्ये आहेत आणि त्यांचं खरं वस्तुमान चौथ्या दशांशापर्यंत माहीत आहे. प्रत्येक स्कॅनमध्ये यांची जागा बघायची, चूक काढायची, तेवढ्याने अख्खा स्कॅन मागे ढकलायचा, आणि मगच बेरजेत घ्यायचा. संदर्भ म्हणून तीन घेतले: १४९.०२३३ हा थॅलेटचा तुकडा, ३९१.२८४३ आणि ४४५.१२००.

पोरगा विचारत होता ३७१.१०१२ का नाही घ्यायचं, पाच सिलोक्सेनचं तेही नेहमीचंच आहे. ब्लँकमध्ये छान आहे ते. पण हळदीत ३६९.१३३३ प्रचंड मोठं असतं आणि त्याचं दोनने जड असलेलं आयसोटोप ३७१.१४ च्या आसपास येतं, मूळ पिकाच्या जवळजवळ ४ टक्के. आपल्या रिझोल्यूशनला दोन्ही वेगळी दिसतात पण पायथे एकमेकांत मिसळतात, आणि सिलोक्सेनचं सेंट्रॉइड थोडं वर ओढलं जातं. जितकी हळद चांगली तितकं ते जास्त ओढलं जाणार, आणि ती ओढ आपण अख्ख्या स्कॅनला लावणार. म्हणून ३७१ बाद. संदर्भाचं आयन निवडताना ते ब्लँकमध्ये चांगलं दिसतं एवढ्यावर जाऊ नये, खऱ्या नमुन्यात त्याच्या शेजारी कोण राहतं ते बघावं.

दुरुस्तीनंतर क्यूसीमधलं करक्युमिन सकाळ-दुपार दोन्हीकडे २ पीपीएमच्या आत. खूप बरं वाटलं ते बघून.

२४ जून

कोणते स्कॅन बेरजेत घ्यायचे ते आज. पहिल्या काही सेकंदांत मशीनमध्ये जाणारा नमुन्याचा स्प्रे स्थिर नसतो, ते सरसकट बाहेर. पुढे एकूण आयन करंटचा (स्कॅनमधल्या सगळ्या सिग्नलची बेरीज) मीडियन काढून त्याच्या निम्म्याच्या खाली गेलेले स्कॅन बाहेर, तिथे बुडबुडा आला असतो नाहीतर स्प्रे थुंकलेला असतो. बाहेर म्हणजे फाईलीतून पुसायचं नाही, फक्त खूण करायची आणि कारणाचा कोड लिहायचा.

सॅच्युरेशन, म्हणजे सिग्नल डिटेक्टरच्या मर्यादेबाहेर जाणं, मात्र असं सुटत नाही. वायगावच्या नमुन्यात करक्युमिनचं डोकं सपाट झाल्याचा संशय आला. तपासायची युक्ती: करक्युमिनमध्ये २१ कार्बन, प्रत्येकामागे साधारण १.१ टक्का कार्बन-१३, म्हणजे एकने जड असलेलं आयसोटोप मुख्य पिकाच्या २३ टक्क्यांच्या आसपास हवं. सांगलीत २३ आलं. वायगावमध्ये ३४! आयसोटोप वाढलेलं नाही, मुख्य पीक डिटेक्टरला मोजता आलेलं नाही. १२० सपाट डोकी एकत्र करून एक टोकदार डोकं होत नाही, बेरीज इथे काहीच भरून काढू शकत नाही. तो नमुना अजून पातळ करून परत चालवायला पाठवतोय. तोवर त्याच्या रकान्यात आकडा जाणार नाही.

ही आयसोटोपची तपासणी आता प्रत्येक मोठ्या पिकाला आपोआप लागते.

२७ जून

रिकाम्या जागांचा दिवस. पोरग्याने टेबल करून दाखवलं, सुंदर, एकही खाना रिकामा नाही. विचारलं रिकामे कुठे गेले, तर म्हणाला शून्य भरले, नाहीतर पीसीए (नमुन्यांतले मुख्य फरक काढणारी पद्धत) चालत नाही ताई.

त्याचं म्हणणं खरं आहे की पीसीए चालत नाही. पण रिकाम्या खान्यांत आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, पीक शोधलं आणि नॉइजच्या वर काही नव्हतं. दोन, काहीतरी होतं पण पुरेशा स्कॅनमध्ये नव्हतं म्हणून आपणच नाकारलं. तीन, मोजलंच गेलं नाही, वायगावच्या सॅच्युरेट झालेल्या करक्युमिनसारखं. तिघांना शून्य लिहिलं तर टेबल म्हणणार की वायगावच्या हळदीत करक्युमिन नाही! जी आपली सगळ्यात जास्त भरवशाची हळद.

त्याला ते लगेच कळलं, चेहऱ्यावरच दिसलं. मग दोघांनी बसून केलं: पहिल्या प्रकारात त्या जागेचा स्थानिक नॉइज मोजून मर्यादा लिहायची आणि 'मर्यादेखाली' अशी खूण, दुसऱ्यात बेरजेतला आकडा ठेवून शेजारी स्कॅनची मोजणी, तिसऱ्यात एनएएन ('आकडा नाही' ही खूण) आणि ते एनएएनच राहणार. पीसीएसाठी वेगळी कॉपी, तिच्यात काय भरलं ते तिच्याच नावात.

त्या कॉपीवर पीसीए काढला. शून्य भरलेल्या टेबलात पहिला घटक सकाळ विरुद्ध दुपार असा फाटला होता, आता तो नमुन्यांप्रमाणे फाटतो आणि क्यूसी सगळे मधे एका झुपक्यात. एकूण करंटने भागायचं की नाही यावर अजून ठरलेलं नाही. इन्फ्युजनमध्ये सगळे पदार्थ एकाच वेळी स्प्रेत असतात आणि एकमेकांचं आयनीकरण दाबतात, त्यामुळे ज्या नमुन्यात पिष्ट किंवा दुसरं काही मिसळलंय तिथे एकूण करंटच बदललेला असणार, आणि त्यानेच भागलं तर भेसळीचा माग पुसला जाईल. सध्या गुणोत्तरांवर भर, ३६९.१३३३ ला करक्युमिन, ३३९.१२२७ ला डीमेथॉक्सी आणि ३०९.११२१ ला बिसडीमेथॉक्सी. तिघं रचनेने भावंडं, दाबली गेली तरी बऱ्यापैकी सारखीच दाबली जातात.

२ जुलै

वायगावची नवीन रन आली, आयसोटोप २३ टक्के, रकाना भरला.

टेबल आता तीन थरांत आहे, आकडा, तो किती स्कॅनमधून आला, आणि खूण. कुठल्याही खान्यावरून मागे मूळ स्कॅन क्रमांकापर्यंत जाता येतं, सरांनी मुद्दाम दोन-तीन खाने निवडून विचारलं आणि पोरग्याने तिथल्या तिथे मूळ प्रोफाइल काढून दाखवलं. सर खूश.

आता जे दिसलं ते. एका सुट्या पावडरीत ३५४.०९०७ ला पीक आहे, मेटॅनिल यलोचं प्रोटॉन लागलेलं आयन जिथे पडायला हवं तिथे, ३ पीपीएमच्या आत, ब्लँकमध्ये नाही, हळकुंडांत कुठेच नाही. एकेका स्कॅनमध्ये ते जेमतेम आहे, स्वतंत्र मोजणी निम्म्याहून कमी स्कॅनची, बेरजेत मात्र स्वच्छ उभं आहे. १७ तारखेला बेरीज आधी ठरवली ती याचसाठी.

मामांना कळलं तर लगेच म्हणाले, "मॅडम, त्यात मीठाचं ॲसिड टाका ना, गुलाबी झालं की कळेल." बरोबरच आहे त्यांचं, हायड्रोक्लोरिक ॲसिडची ती तपासणी आहेच, आणि आम्ही तीपण केली, रंग फिकट आला, खात्रीने सांगता येईल असा नाही. इतक्या कमी प्रमाणात डोळ्याने ठरवू नये.

वस्तुमान जुळलं म्हणून नाव लिहायचं नाही. त्या कॉलमच्या नावात सध्या फक्त ३५४.०९०७ आहे. हा सल्फोनेट रंग आहे म्हणून निगेटिव्ह मोडमध्ये ३५२.०७६१ ला जास्त जोरात दिसायला हवा, आणि स्टँडर्डच्या (शुद्ध मेटॅनिल यलोच्या) शेजारी त्याचे तुकडे जुळायला हवेत. दोन्ही रन सोमवारच्या स्लॉटला लावल्यात, त्याच पावडरीचा नवीन अर्क, आधी दोन ब्लँक, मधे स्टँडर्ड, आणि स्टँडर्डनंतर परत ब्लँक म्हणजे सिरिंजमधून मागचं पुढे येत नाहीये हे कळेल. निगेटिव्हला सिलोक्सेनचे संदर्भ चालणार नाहीत, तिथे संदर्भ म्हणून ल्युसिन एन्केफलिन (वस्तुमान माहीत असलेलं पेप्टाइड) घालतोय, ५५४.२६१५ ला. पोरग्याने कॉन्फिग फाईलमध्ये ते बदलून ठेवलंय, बाकी सगळं तसंच.